चोरबाजार, गच्चीवर

एकतीस डिसेंबर, साडेआठ. कन्नमवार नगर, विक्रोळी.
पाण्याच्या टाकीखाली टेबल, टेबलावर तेवीस पुडे,
माइक माझ्याकडे.
ऐका. दरवर्षी सांगते, दरवर्षी भांडता.
भेट दोनशेपर्यंत. पुड्यावर नाव नको.
आपला आकडा आला की नवा पुडा फोडा,
नाहीतर दुसऱ्याच्या हातातलं चोरा.
ज्याचं गेलं तो पुन्हा निवडेल.
एक वस्तू दोनदाच चोरायची, मग ती गोठली.
आणि रडायचं नाही, ठोसर, तुम्हालाच म्हणतेय.

चिठ्ठ्या मीच हलवते.
तेविसावी मात्र आधीच माझ्या पर्समध्ये.
यावरून बोलणी खाते दरवर्षी,
पण पंगतीत वाढणारा शेवटी बसतो
तो काही लोभाने नव्हे.

चार नंबरला लोटणकर काका,
त्यांना निघाली गरम पाण्याची रबरी पिशवी.
गुडघ्यावर ठेवून खूश.
सातला मेणबत्त्या, आठला पुन्हा मेणबत्त्या
(एकाच दुकानातल्या, कोण ते मला माहीत आहे).
नऊ नंबर पेडामकर. कागद फाटला, स्टीलचा डबा.
जुना, जड, घट्ट झाकणाचा.
त्यांनी तो ट्यूबलाइटखाली धरला
आणि तळावरचं मोठ्याने वाचलं,
टिंबाटिंबांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. कुंदा हिस, मामाकडून, १२-५-७९.

कोण ही कुंदा, म्हणून गच्ची हसली.
लग्नानंतरच्या नावानेच ओळखायचे सगळे तिला.
आमच्या भिशीच्या वहीत तेवढी
ती कुंदा अशी सही करायची, शेवटच्या महिन्यापर्यंत.

काकांकडे बघितलं.
त्यांचा हात पिशवीवरून उचललेला,
तसाच राहिलेला.
सुनेने माळा आवरला असणार, पुडा बांधून दिला असणार,
यांनी नुसता खाली ठेवला असणार टेबलावर.
आता बोलले तर सून शरमेने मेली असती.
ते बोलले नाहीत.

चौदाला शिर्सेकरांच्या सुनेने डबा चोरला,
बेसनाच्या लाडवांना बरा म्हणून.
एक चोरी झाली. उरली एक.
एकोणीसला फुर्तादो उठला, सरळ डब्याकडे निघाला.
मी माइकवरून ओरडले,
फुर्तादो, तो स्पीकर बघितलास का, केवढा वाजतो!
वळला बिचारा. अजून त्याला वाटतं
मी त्याचं भलं केलं.

वीस, एकवीस, बावीस.
खाडीकडून वारा, पावभाजी गार होत चाललेली,
पोरांची भुणभुण, कधी संपणार.
तेवीस, म्हणजे मी.
टेबलावर एकच पुडा उरलेला.
सगळ्यांच्या नजरा स्पीकरवर.
मी गेले आणि लोटणकर काकांच्या मांडीवरची पिशवी उचलली.

अगंबाई! म्हाताऱ्याची शेकायची पिशवी!
कुणी शिटी मारली, कुणी म्हणालं शोभतं का.
नियम म्हणजे नियम, मी म्हटलं. काका, उठा.
ते उठले, आणि जन्माचे भिडस्त,
निघाले टेबलावरच्या पुड्याकडे.
मी आधीच पाठ टेकून उभी,
पुडा माझ्या पदराखाली.
काका, चोरबाजार आहे हा. जरा चोरा की.

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.
मग खुर्च्यांमधून वाट काढत गेले
शिर्सेकरांच्या सुनेसमोर.
देशील का गं, म्हणाले.
विचारायचं नसतं काका, ती हसली, ओढायचं असतं.
त्यांनी ओढला नाही.
दोन्ही हात पुढे केले, प्रसादाला करतात तसे.

गोठला! मी माइकवर जाहीर केलं. खेळ संपला, जेवायला चला.
शेवटचा पुडा तिला गेला, सहा कप, एक टवका उडालेला.

रात्री वहीत लिहिलं:
माणसं तेवीस, भेटी तेवीस.
तक्रार एक, सेक्रेटरी हावरट आहे.
पिशवी गळकी निघाली, ते लिहिलं नाही.
पुढच्या वर्षीसाठी नियम वाढवला:
घरातलं भांडं बांधण्याआधी
उलटं करून वाचावं.